पहिल्या पंगतीचा पाव

बोरिवली (पूर्व),
३ मार्च २०२५

ती. स्व. जयाआत्यास,
गंधालीचा शि. सा. न. वि. वि.

तू आमच्या घरचा फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझा आवाज ओळखूनसुद्धा ‘राँग नंबर’ म्हणून ठेवतेस. म्हणून हे पत्र. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई आलेलं पत्र न वाचता टाकून देणार नाही, एवढा भरवसा आहे. अक्षराला हसू नकोस. शाळा सुटल्यापासून एवढं सलग हाताने लिहिलेलं नाही.

तर बातमी अशी, की यंदा पाडवा रविवारी आलाय, तीस तारखेला. गुढी उभारून झाली की अकरा वाजता आपल्याकडे ब्रंच आहे. माझ्या अंधेरीच्या ऑफिसातले चौघं येतील, पुण्याहून सर्वेशदादा आणि रुचिरावहिनी येतील, आणि तू यायचं आहेस. मुख्य पदार्थ आहे एक गोड पाव. मैद्याचे लिंबाएवढे गोळे लोण्यात बुडवायचे, गूळ-वेलची-जायफळात घोळवायचे, गोल डब्यात एकमेकांवर रचायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचे. सुरीबिरी काही नाही. पाव मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी चारी बाजूंनी हाताने तोडून खायचा.

आता तुला जे सांगायचं नाही असं ठरलंय ते सांगते. हा पाव मी करत नाहीये, बाबा करतायत. हो, आपलेच बाबा. आई होती तोवर जे स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला शिरायचे, ते आता नाक्यावरच्या दुकानदाराशी मैद्याच्या चिकटपणावर वाद घालतात. ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेतली जन्माची सवय, त्यामुळे वही घातली आहे. ‘प्रयोग क्र. १. निष्कर्ष : अखाद्य.’ दुसऱ्याचा निष्कर्ष ‘अखाद्य, परंतु वास चांगला.’

अंडं घातलं की पाव हलका होतो असं सगळीकडे लिहिलंय. पण बाबांनी पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवलंय, ‘अंडे नको.’ का, असं विचारलं तर म्हणाले, सणाच्या दिवशी कुणी कुणी खात नाही. आमच्या पाहुण्यांत सणाला अंडं न खाणारं माणूस एकच आहे, आणि ते मुलुंडला राहतं.

ये ना गं आत्या. सहा वर्षं झाली आता.

कळावे. लोभ आहेच, फक्त त्याला जरा बोरिवलीचा रस्ता दाखव.
तुझी,
गंधाली


मुलुंड (पूर्व),
७ मार्च २०२५

चि. गंधाली हिस,
जयाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. तिकीट वाकडं लावलं आहेस आणि पिनकोडातला आठ शून्यासारखा काढला आहेस. तरी मजकूर वाचून बरं वाटलं. पण ब्रंच म्हणजे नाश्त्याला उशीर आणि जेवणाला घाई, एवढंच मला समजलं. असो, तुमची हौस.

मी येणार नाही. का ते तुला अर्धवट माहीत आहे, ते एकदा पुरतं ऐक. सर्वेशच्या लग्नात सगळं जग बुफे ठेवत असताना दादाने, म्हणजे तुझ्या बाबांनी, हट्टाने पंगत मांडली. तुझी आई असती तर पानं तिने मांडली असती आणि हे झालंच नसतं. पण ती लग्नाच्या चार वर्षं आधीच गेलेली. दादा हातात यादी घेऊन उभा. पहिल्या पंगतीची नावं माइकवरून वाचली. मुलीकडचे आले, त्याचे साहेब आले, सोसायटीचे सेक्रेटरी आले, बॅण्डवाल्यांचा मुख्यसुद्धा आला. वराची एकुलती एक आत्या आली नाही. मी निऱ्या सावरून उठायच्या बेतात, तर दादा जवळ येऊन म्हणाला, जया, तू घरचीच आहेस, तू बस दुसऱ्या पंगतीला. आजूबाजूला सहा बायका ऐकत होत्या. मी पर्स उचलली आणि मागच्या दाराने निघाले. घरी येऊन दहीपोहे खाल्ले. त्या दिवशी ठरवलं, की या माणसाच्या घरी पुन्हा पंगतीला बसायचं नाही, आणि त्याचा फोन घ्यायचा नाही.

आणि हा माणूस आता पाव भाजतो म्हणतेस. त्याला सांगू नकोस की मी विचारलं, पण यीस्ट कोमट दुधात घालतो की कढत? कढत घालत असेल तर ते मरतं, मग दगडच होणार. आमची आई आंबोळीच्या पिठात कोपरापर्यंत हात घालून ढवळायची आणि हाताला लागणाऱ्या उबेवरून सांगायची की उद्या पीठ फुगेल की नाही. दादाला तिने कधी शिकवलं नाही. तो पिठात पेन बुडवेल अशी तिला भीती होती.

प्रकृतीला जप. ऑफिसात एसीखाली बसू नकोस.

कळावे. लोभ तुझ्यापुरता पूर्वीइतकाच आहे.
तुझी,
जयाआत्या


बोरिवली (पूर्व),
१२ मार्च २०२५

ती. स्व. जयाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दूध कढतच घालत होते. तुझं नाव न घेता सांगितलं, तर बाबांनी ताबडतोब थर्मामीटर आणला. मग विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हटलं, इंटरनेटवर होतं. ते म्हणाले, इंटरनेटवर आमच्या आईसारखं कोण लिहितंय?

पण प्रयोग क्र. चारची वाट लागली, आणि ती ऐकून तू दोन दिवस माळ ओढत बसशील. बाबांच्या वाचनात आलं की पीठ उबदार, वारा न लागणाऱ्या जागी झाकून ठेवावं. त्यांनी घरभर थर्मामीटर फिरवला. सगळ्यांत योग्य जागा निघाली देव्हारा, कारण आत समई आणि वरून दार बंद. सकाळची पूजा आटोपून त्यांनी पातेलं आत ठेवलं आणि दुपारी जरा लवंडले. मी ऑफिसातून आले तेव्हा मैदा झाकण उचलून पाटावर उतरला होता, बाळकृष्ण गुडघ्यापर्यंत पिठात आणि अन्नपूर्णेचा फक्त मुकुट वर. बाबा शांतपणे फूटपट्टीने फुगवटा मोजत होते. वहीत नोंद आहे, ‘आकार दुप्पटीहून अधिक. जागा उत्तम. पुनरावृत्ती अशक्य.’

देवांना कोमट पाण्याने आंघोळ घातली. तू ओरडायच्या आधीच सांगते, माफीही मागितली.

लग्नाचं मी बाबांना विचारलं, स्पष्टच. त्यांना अजून कळलेलं नाही गं. म्हणाले, पाहुणे आधी जेवतात आणि घरचे मागून, हे तिला मी समजावून सांगायचं? तिला आधी बसवलं असतं तर ती पाहुणी झाली असती. मी म्हटलं, मग हे एकदा तिला सांगा. तर म्हणाले, निघून ती गेली, मी नाही. आणि ओव्हनमध्ये डोकं घातलं. तुमच्या दोघांच्या मानेत एकच हाड आहे.

आता माझा मुद्दा नीट ऐक. तुझी शपथ पंगतीची आहे. ब्रंचला पंगत नसते. पान नसतं, पाट नसतो, पहिली-दुसरी नसते. टेबलाभोवती सगळे उभ्याउभ्या एकाच पावाचे लचके तोडतात. वाढणारा कुणी नाही, म्हणजे मागून वाढण्याचा प्रश्नच नाही. तुझी शपथ जशीच्या तशी शाबूत राहते. पोस्टातल्या माणसाला नियमातली वाट मी दाखवायची म्हणजे कमाल झाली.

कळावे. लोभावर तिकीट सरळ लावलं आहे, बघून घे.
तुझी,
गंधाली


मुलुंड (पूर्व),
१६ मार्च २०२५

चि. गंधाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

देव्हाऱ्याचं वाचून मी आधी हात जोडले आणि मग इतकी हसले, की शेजारच्या माणिकवहिनी काय झालं बघायला आल्या. अन्नपूर्णेला एवढं अन्न आजवर कुणी दाखवलं नसेल.

तुझा मुद्दा तीन वेळा वाचला. खोट सापडली नाही, याचा राग आला. तरी माझी एक अट आहे. बोलावणं तुझ्या हातचं नको, त्याच्या हातचं हवं. पत्रात, सहीसह. सहा वर्षांत त्याने मला एक ओळ लिहिलेली नाही. मी नोकरीत असताना रोज हजार पत्रं हातून जायची आणि प्रत्येक वेळी वाटायचं, लोक एकमेकांना किती लिहितात. निवृत्त झाल्यावर माझ्या स्वतःच्या पेटीत येतात ती विजेची बिलं. हे त्याला सांगायचं तर सांग.

आणि गूळ बारीक चिरून घ्यायला सांग, किसून नको. किसला की पाणी सुटतं.

कळावे. लोभाचं काय करायचं ते त्याच्या पत्रावर ठरेल.
तुझी,
जयाआत्या


बोरिवली (पूर्व),
२० मार्च २०२५

चि. जया हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

विषय : पाडव्याचे निमंत्रण.
संदर्भ : तुझे गंधालीस आलेले दि. १६ मार्चचे पत्र.

वरील पत्र गंधालीने मला वाचून दाखवले. दि. ३० मार्च रोजी सकाळी अकरा वाजता आमच्या घरी पाव करण्याचे योजले आहे, त्यास तू यावेस. पाव १८० अंशांवर पस्तीस मिनिटे भाजला जाईल. उशीर करू नये, कारण गूळ थंड झाला की गोळे एकमेकांना सोडत नाहीत.

आजवर सात प्रयोग झाले. सातवा खाण्याजोगा आहे असे गंधाली म्हणते. परंतु ती सगळ्यालाच झकास म्हणते, त्यामुळे तिच्या मताची नोंद घेतलेली नाही. आई गेल्यापासून पीठ बरोबर आंबले आहे की नाही हे सांगणारे आपल्या घरात तुझ्याशिवाय कुणी उरलेले नाही. हे मला पूर्वी लिहायला हवे होते. गूळ चिरून घेतला, फरक पडला.

या वेळी पंगतीच्या बाबतीत माझ्या हातून चूक होणार नाही, याची खात्री बाळगावी.

कळावे. लोभ कमी झाला होता असे माझ्या बाजूने कधी झालेले नाही.
सुबोध धोंडू परब
(दादा)


मुलुंड (पूर्व),
२४ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पावले. अंडं नाही म्हणजे पीठ जड राहणार, वीस मिनिटं जास्त फुगू दे. देव्हाऱ्यात नको. मी येत आहे, पीठ बघायला.

जया


बोरिवली (पूर्व),
२ एप्रिल २०२५

ती. स्व. जयाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचलीस हे कळलं, पण फोनवर तू ‘हो, पोचले’ म्हणून ठेवलास, त्याने माझं समाधान झालेलं नाही. म्हणून पुन्हा पत्र.

आधी तुझी माफी मागते. मी तुला लेखी कळवलं होतं की पंगत नसेल. देवाशप्पथ, बाबा काय करणार आहेत ते मला शनिवारी कळलं. त्यांनी मला पाटावर बसवून तुझ्या जागी रंगीत तालीम घेतली. मी म्हटलं, बाबा, हे सगळ्यांनी मिळून खायचं असतं. ते म्हणाले, एकदा चूक केली, पुन्हा नाही. आणि केळीचं पान आणायला गेले.

तू पानासमोर बसली होतीस, त्यामुळे तुझ्यामागचं तुला दिसलं नाही. ते सांगते. तू दारातून आत आलीस तेव्हा पाट, रांगोळी, उदबत्ती आणि पानावर तो टोपलीएवढा पाव पाहून माझ्या ऑफिसातल्या श्रुतिकाने मला हळूच विचारलं, की आज आत्याचा सत्कार आहे का. बाबांनी खिशातून कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचलं, पहिली पंगत, कुमारी जया धोंडू परब. यादी संपली. तू बसलीस. बाकी आम्ही आठजण भिंतीला लागून उभे. सर्वेशदादा पाण्याचा तांब्या घेऊन, वहिनी तुपाची वाटी घेऊन, बाबा हात बांधून.

तू एक गोळा तोडलास. तू चावत होतीस आणि आम्ही सगळे गिळत होतो. ऑफिसातला नितेश सकाळपासून उपाशी आला होता, त्याच्या पोटातला आवाज तुलाही ऐकू गेला असणार. दुसरा गोळा तोडलास. बाबांनी विचारलं, पीठ कसं आहे? तू मान डोलावलीस, पण तिसरा गोळा हातात धरून तशीच बसलीस. एवढ्या मोठ्या खोलीत तू एकटीच खाली आणि तुझ्यासमोर तो पाव. मला तुझा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि पाठीवरूनच कळलं की काहीतरी बिनसलं.

मग तू म्हणालीस की सहा वर्षं पहिल्या पंगतीसाठी जीव जाळला आणि आज मिळाली, तर घास उतरत नाही. मी काय बाहेरची आहे, की सगळ्यांनी उभं राहून माझ्या तोंडाकडे बघावं! आणि पदर खोचून उठलीस, आम्हा सगळ्यांना खाली बसवलंस आणि स्वतः वाढायला लागलीस. बाबांना बसवायला गेलीस तर ते म्हणाले, तू वाढतेस तर मीही वाढतो. सात मिनिटांत पावाचा फन्ना उडाला. चौघांनी रेसिपी मागितली. बाबांनी त्यांना देव्हाऱ्याची गोष्ट सांगितली, ती मात्र सांगायला नको होती.

पण त्यानंतर तुम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलात आणि दार ओढून घेतलंत. अर्धा तास! आतून फक्त उलथन्याने डबा खरवडल्याचा आवाज येत होता. बाहेर आलात तेव्हा तुझे डोळे लाल आणि बाबांच्या हनुवटीला गूळ. मी त्यांना चार वेळा विचारलं. ते म्हणतात, तिला विचार. म्हणून विचारते. आत काय झालं?

कळावे. लोभाखातर तरी सगळं सांग, अर्धवट नको.
तुझी,
गंधाली


मुलुंड (पूर्व),
६ एप्रिल २०२५

चि. गंधाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठ्या माणसांच्या बंद दाराला कान लावू नये. लावलाच होतास तर नीट लावायचा.

पाव संपला होता, हे तू पाहिलंस. आमच्या दोघांच्या वाटणीला डब्याचा तळ राहिला. कडेला चिकटलेला गूळ आणि खालचे चार करपलेले गोळे. दादा ओट्याला टेकून उभा, मी स्टुलावर, आणि मधे डबा. आळीपाळीने खरवडत होतो. पीठ उत्तम जमलं होतं, आंबटपणा अगदी आईच्या आंबोळीइतका. ते मी त्याला सांगितलं, तर मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसला.

मग मी म्हटलं, दादा, आज माझं चुकलं असेल, पण तू मला एवढी परकी का केलीस? आणि तो एकदम मालवणीवर आला. नोकरीत साहेबांशी इंग्रजी आणि तुमच्याशी पुस्तकी बोलणारा माणूस, आईशी बोलायचा तसं बोलायला लागला. म्हणाला, त्याला काय करावं ते कळेनासं झालंय. लग्नात मागून बसवलं तर मी निघून गेले, आज पुढे बसवलं तर मी पानावरून उठले.

त्यानंतर त्याने जे सांगितलं ते तुला माहीत नाही, सर्वेशला माहीत नाही, मलाही माहीत नव्हतं. लग्नाच्या दिवशी तो स्वतः सकाळपासून उपाशी होता. यजमान कसा आधी जेवेल? त्याचं पान दुसऱ्या पंगतीत होतं आणि त्याने शेजारचं पान माझ्यासाठी मांडून घेतलं होतं. तुझी आई नव्हती, तर लेकाच्या लग्नात आपल्या बाजूला बसायला घरचं कुणीतरी हवं, म्हणून. जिलबी संपेल म्हणून माझ्या वाटणीच्या दोन आधीच झाकून ठेवल्या होत्या. पंगत बसली, वाढपी आले, आणि त्याच्या शेजारचं पान रिकामंच राहिलं. लोक विचारत होते, इथे कोण आहे? तो सांगत होता, येईल आता, घरचीच आहे.

सहा वर्षं मी जगाला सांगत फिरले, की त्याने मला दुसऱ्या पंगतीला टाकलं. त्या पंगतीत माझ्या शेजारी कोण बसणार आहे, हे मी विचारलंच नाही. पोस्टात बसून लोकांची हरवलेली पत्रं शोधून देणारी बाई मी, स्वतःच्या भावाला एक प्रश्न विचारू शकले नाही. मला फार रडू आलं गं. तो म्हणाला, रडू नकोस, हा गोळा कमी करपलाय, हा तू घे.

अर्धा तास लागला तो यासाठी.

आता कामाचं सांगते. तो नितेश, ज्याचं पोट वाजत होतं, तो तुझ्याकडे ज्या तऱ्हेने बघत होता ते मी वाढताना पाहिलं आहे. मला म्हातारीला काही दिसत नाही असं समजू नकोस. मुलगा बरा वाटला, कुणी आग्रह न करता चौथ्यांदा घेतलं. काय ते सावकाश ठरवा, घाई नाही. पण ठरलं आणि पंगत मांडलीत, तर यादी तू करायची, दादाला करू द्यायची नाही. पहिल्या पंगतीला मुलाकडची माणसं बसव, साहेब बसव, हवं तर बॅण्डवाले बसव. दुसऱ्या पंगतीला शेवटची दोन पानं आमची, शेजारी शेजारी. हे मी लेखी देत आहे.

कळावे. लोभ यापुढे बोरिवलीला आणि मुलुंडला सारखाच असावा, आणि दर पाडव्याला भाजून निघावा.
तुझी,
जयाआत्या